साठवलेले पॉइंट खर्च करा: कोलोरॅडोतल्या मराठी एल्क-शिकाऱ्यांना खुलं पत्र

मित्रहो,

मार्च उजाडला की आपल्यात एकच संवाद सुरू होतो. “किती पॉइंट झाले तुझे?” “अकरा.” “मग या वर्षी लावतोयस का?” “छे रे, अकरात काय मिळतंय! होऊ देत अजून थोडे.” पुढच्या मार्चला हाच संवाद, फक्त अकराचे बारा झालेले. एप्रिलच्या सुरुवातीला अर्जाची मुदत संपते. तिच्या आदल्या रात्री मंडळी पहिल्या पसंतीच्या रकान्यात ई-पी-९९९-९९-पी हा कोड टाकतात, म्हणजे ‘मला यंदा परवाना नको, नुसता पॉइंट द्या’ असं राज्याला कळवतात, आणि निवांत झोपतात.

सहा ते सोळा पॉइंटांच्या मधे जे अडकले आहेत, त्यांनी हा कोड टाकणं आता बंद करावं, एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय. आहेत ते पॉइंट येत्या दोन-तीन हंगामांत एखाद्या बऱ्यापैकी युनिटावर खर्च करा आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करा.

शिकारीशी संबंध नसलेलेही हे वाचतील म्हणून थोडी पार्श्वभूमी. एल्क हे सांबरासारखं पण त्याहून थोराड हरीण. तयार नराचं वजन तीनशे किलोच्या पुढे जातं. कोलोरॅडोत एल्कची संख्या पावणेतीन लाखांच्या वर आहे, इतके दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. राज्याची शिकारीसाठी युनिटांत वाटणी केलेली आहे. काही युनिटांत ऑक्टोबरअखेरच्या आणि नोव्हेंबरातल्या रायफल हंगामाचा परवाना दुकानातून थेट विकत मिळतो. बाकी ठिकाणी परवाने मोजके आणि त्यासाठी ड्रॉ, म्हणजे आलेल्या अर्जांतून निवड. पहिल्या पसंतीला नंबर लागला नाही की एक पॉइंट मिळतो. ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. पहिल्या पसंतीचा परवाना हातात पडला की पॉइंट शून्य.

(आणि हो, पुण्यातली मावशी फोनवर विचारतेच, “शिकार? पण त्याला बंदी आहे ना रे?” भारतात आहे, १९७२च्या कायद्यापासून. इथे उलट आहे: बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के अबकारी कर बसतो, तो १९३७च्या एका कायद्यानं राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि परवान्यांचे पैसेही तिकडेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क संपत आले होते, तेव्हा वायोमिंगकडून आणून सोडावे लागले. आजचे कळप त्यानंतरचे. मावशीला हे पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

आता मुद्द्याचं. आपल्या मध्यमवर्गीय डोक्याला पॉइंट म्हणजे एफडी वाटते. दरवर्षी थोडी भर घालायची, मोडायची नाही, वेळ आली की घसघशीत रक्कम हातात. पण एफडीवर निदान व्याज मिळतं. इथे ज्या वस्तूसाठी साठवतोय तिची किंमत दरवर्षी वाढते, आणि कित्येक युनिटांत ती आपल्या साठ्याइतक्याच वेगानं वाढते. तुम्ही बाराव्या पायरीवर पोहोचता तोवर दार तेराव्या पायरीवर गेलेलं असतं.

हे असं का होतं ते कागदावर मांडून बघा. समजा एका नामांकित युनिटात वर्षाला ४० परवाने निघतात आणि रांगेत तुमच्या पुढे १,२०० माणसं आहेत. दरवर्षी तुम्हाला एक पॉइंट मिळतो तसा त्या उरलेल्या सगळ्यांनाही मिळतो. म्हणजे तुमचा पॉइंट वाढल्यानं तुम्ही पुढे सरकतच नाही, पुढची चाळीस माणसं परवाना घेऊन बाहेर पडतात तेवढेच सरकता. या हिशेबानं तीस वर्षं लागतात. तेही परवाने चाळीसच राहिले तर. आणि ते बाराशे म्हणजे फक्त त्या वर्षी त्या युनिटाला अर्ज केलेले. आपल्यासारखे नुसता पॉइंट घेऊन बाजूला बसलेले त्या आकड्यात दिसतच नाहीत. त्यातला कोणीही पंधरा-सतरा पॉइंट घेऊन कुठल्याही वर्षी तुमच्या पुढे येऊन उभा राहू शकतो.

परवाने चाळीसच राहतील याचीही शाश्वती नाही. २०२२-२३चा हिवाळा आठवा. वायव्य कोलोरॅडोत, क्रेग आणि मीकरच्या बाजूला, बर्फ इतका पडला आणि वर असा कडक पापुद्रा धरला की एल्क, हरणं, प्राँगहॉर्न भुकेनं मेली. पाडसांचे तर फार हाल झाले. त्यानंतर राज्याच्या वन्यजीव खात्यानं त्या भागातले एल्कचे परवाने मोठ्या प्रमाणात कापले, आणि कापायलाच हवे होते. पण युनिट २, १० आणि २०१ ही ज्यांच्या स्वप्नातली नावं, ती सगळी त्याच कोपऱ्यात आहेत. वीस-बावीस वर्षं रांगेत काढलेल्यांपुढची रांग एका हिवाळ्यात लांबली. कळप सावरतील, पण तुमचं वय काही मागे जाणार नाही.

वयाचं बोलायलाच हवं. आपल्यातले बरेच जण तिशीच्या मध्यावर इथे स्थिरावले, मग कोणातरी गोऱ्या सहकाऱ्याबरोबर पहिल्यांदा गेले, आवडलं, आणि पॉइंट घ्यायला लागले. म्हणजे अकरा पॉइंटवाला आज पन्नाशीला टेकलाय. २०१च्या रायफल परवान्याला रहिवाशालासुद्धा वीसच्या वर पॉइंट लागतात, आणि हा आकडा स्थिर नाही. गाठेपर्यंत सत्तरी येईल. दहा हजार फुटांवर, पाठीवर पंचवीस किलोचं ओझं घेऊन, पडलेल्या ॲस्पेनच्या ओंडक्यांवरून तीन मैल चालताना गुडघे पॉइंट विचारत नाहीत.

“पण एकदाच जायचं तर मोठ्या शिंगांसाठीच जावं” हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकलाय. ज्यांना मनापासून तेच हवं आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझी शंका वेगळी आहे. जो माणूस दहा वर्षं नुसते पॉइंट घेत बसला, त्याला एल्कची शिकार येते का? मोठ्या युनिटाचा परवाना हातात आला म्हणून एल्क शिकवून जात नाही. सकाळी वारा दरीतून खाली वाहतो आणि ऊन चढलं की उलटा वर जातो, हे पुस्तकात वाचून पायात उतरत नाही. माद्यांचा कळप कुठल्या ओढ्यावरून कुठल्या काळ्या जंगलात झोपायला जातो, हे बघायला सप्टेंबरात डोंगरात असावं लागतं.

आणि एल्क पडल्यावरचं काम. ते एकदाही न केलेला माणूस तीनशे किलोच्या धुडाशेजारी उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पोट न फाडता करायची पद्धत सगळ्यात सोपी: जनावर कुशीवर, वरच्या बाजूचं कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोलत न्यायचं. पुढचा पाय अलगद सुटतो, कारण तिथे हाडाचा सांधा नाहीच, नुसते स्नायू. मागच्या पायाला मात्र खुब्याची वाटी शोधून सुरीच्या टोकानं बंध कापावा लागतो. कण्यालगतची लांब पट्टी काढायची, मानेचं काढायचं, मग धूड उलटवून दुसरी बाजू. कायद्यानं नर की मादी याचा पुरावा एका तुकड्याला जोडलेला राहिला पाहिजे, हे त्या धांदलीत विसरायचं नाही. प्रत्येक तुकडा कापडी पिशवीत, पिशवी सावलीत, हवा लागेल अशी टांगून. सप्टेंबरातल्या दुपारी हे वेळेत झालं नाही तर मांस हाडापाशी बिघडायला लागतं. हे सगळं आयुष्यातल्या एकुलत्या एक मोठ्या परवान्यावर पहिल्यांदा शिकायचं का?

म्हणून मधल्या युनिटांकडे बघा. उन्कम्पाग्रे पठारावरचं ६१ अजूनही महाग आहे, ते सोडा. पण गनिसनच्या आसपासची ६६ आणि ६७, रिओ ग्रांदेच्या उगमाकडचं ७६, अशी युनिटं आहेत जिथे माणसांची गर्दी कमी, एल्क पुष्कळ, आणि पॉइंट एका माणसाच्या आयुष्यात दोन-तीनदा जमतील इतके. नेमके किती हे हंगामावर आणि हत्यारावर ठरतं. इथेच आपण सगळ्यात जास्त गफलत करतो. ‘अमुक युनिटाला अमुक पॉइंट’ असं कुठेतरी ऐकायचं आणि तो आकडा उराशी धरायचा.

पॉइंट युनिटाला नसतात, हंट कोडला असतात. ई-एम-०६१-ओ१-आर असा कोड घ्या: ई म्हणजे एल्क, एम म्हणजे नर, मधलं युनिट, मग हंगाम, शेवटी आर म्हणजे रायफल. शेवटचं अक्षर ए केलं की धनुष्यबाण, एम केलं की ठासणीची बंदूक, आणि गणित बदलतं. साधारणपणे धनुष्यबाणाला कमी पॉइंट लागतात आणि रायफलला जास्त. ठासणीच्या बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर येतो, म्हणजे नर ऐन माजावर असताना, जेव्हा त्याची शीळ दरीभर घुमते. कोलोरॅडोत तिला दुर्बीण लावता येत नाही, दारू सुटी भरावी लागते, म्हणून पुष्कळ लोक तिच्या वाटेला जात नाहीत. माझ्या मते सात-आठ पॉइंटवाल्यासाठी याहून चांगला सौदा नाही.

खात्याच्या संकेतस्थळावर ड्रॉचा अहवाल असतो, दरवर्षीचा. तो उघडा. एका कोडच्या पानावर डाव्या बाजूला पॉइंटचे आकडे, समोर किती जणांनी अर्ज केला आणि किती जणांना मिळाला. ज्या ओळीत अर्ज तेवढेच परवाने, ती ओळ सुरक्षित. तिच्या लगेच खालच्या ओळीत थोड्यांना मिळाला, बाकीच्यांना नाही, ती उंबरठ्याची ओळ. एका वर्षाचं पान बघून निर्णय घेऊ नका, लागोपाठच्या चार-पाच वर्षांची पानं शेजारी ठेवा आणि उंबरठा कसा सरकला ते बघा. दर दोन वर्षांनी एक पॉइंट सरकत असेल तर तुम्ही त्याला गाठाल. दरवर्षी एक सरकत असेल तर तो कोड आजच डोक्यातून काढून टाका. रविवारच्या चहाबरोबर होईल एवढंच हे काम आहे, आणि आपण एरवी शेअर बाजाराचे तक्ते तासन्‌तास बघणारी माणसं आहोत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक नाही. सध्याच्या नियमांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पसंतीला परवाना लागला तर पॉइंट खर्च होत नाहीत. पहिल्या पसंतीला पॉइंटचा कोड आणि दुसऱ्या पसंतीला एखादा मादीचा परवाना टाकला, तर पॉइंटही वाढतो आणि हिवाळ्याच्या तोंडाशी फ्रीझर भरायची संधीही मिळते. मादीचं मांस नरापेक्षा कोवळं लागतं, आणि सुक्या मटणाच्या मसाल्यात ते काय बहार आणतं हे ज्यानं खाल्लंय त्यालाच विचारा. जूनअखेरचा दुसरा ड्रॉ आहे, ऑगस्टात उरलेल्या परवान्यांची यादी आहे. म्हणजे ‘पॉइंट साठवतोय म्हणून जात नाही’ या वाक्याला अर्थच नाही. साठवतानाही जाता येतं. राज्यभराची सरासरी धरली तर साधारण पाचातले चौघे रिकाम्या हातानं परततात, पण रिकाम्या हातानं परतलेला माणूस पुढच्या वर्षी वारा बघून चालतो.

एकत्र अर्ज करण्याबद्दल. आपल्याला सगळ्यांनी मिळून जायची भारी हौस. तंबू, गॅस, पोहे, रात्रीच्या गप्पा, मान्य. पण कोलोरॅडोत गटानं अर्ज केला की सगळ्यांत कमी पॉइंट ज्याचे, तेच पूर्ण गटाचे धरले जातात. अकरावाल्यानं दोनवाल्याला सोबत घेतलं की ड्रॉमध्ये तो दोनवालाच. आणि त्या दोनवरच नंबर लागला, तरी अकरावाल्याचे अकराच्या अकरा जातात. ज्याचे पॉइंट जास्त आहेत त्यानं एकट्यानं अर्ज करावा आणि बाकीच्यांनी ओझी उचलायला जावं. परवाना नसलेल्या मित्राला मांस वाहायला कोणी अडवत नाही. शिवाय पुढच्या वर्षी तो तुम्हाला त्याच्याबरोबर नेईल, हे वेगळं.

टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातून कोलोरॅडोचे पॉइंट विकत घेणाऱ्यांना तर मी अधिक कळकळीनं सांगेन. २०२४पासून बहुतेक मर्यादित परवान्यांतला बाहेरच्यांचा वाटा ३५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आला. २०२५पासून धनुष्यबाणाचा दुकानात मिळणारा एल्कचा परवानाही बाहेरच्यांसाठी बंद झाला, त्यालाही आता ड्रॉच. परवान्याची फी आठशे डॉलरच्या वर, जिथे रहिवासी साठेक डॉलरांत सुटतो. दार तुमच्यासाठी हळूहळू लोटलं जातंय आणि तुम्ही बाहेर पॉइंट मोजत उभे आहात. वायोमिंगचा विचार करत असाल तर तिथे बाहेरच्यांच्या परवान्यांपैकी साधारण पाऊण हिस्सा पॉइंटवाल्यांना आणि पाव हिस्सा नशिबावर जातो. गटाच्या पॉइंटांची तिथे सरासरी काढतात, म्हणून मघाचा अकरा आणि दोनचा हिशेब तिथे वेगळा येतो. फक्त तिथल्या घोषित विल्डरनेसमध्ये, म्हणजे कायद्यानं राखलेल्या रानात, बाहेरच्याला वाटाड्या किंवा स्थानिक सोबती लागतो, हे नकाशा बघूनच युनिट निवडा. न्यू मेक्सिकोत पॉइंट नाहीतच, दरवर्षी सगळ्यांची पाटी कोरी. थोडे अर्ज तिकडेही टाकत जा.

कोलोरॅडोत नशिबाचा भाग अगदीच नाही असं नाही. अतिमागणीच्या काही कोडांत वीस टक्क्यांपर्यंत परवाने सोडतीनं जातात आणि त्यासाठी किमान पाच पॉइंट हवेत. त्या चिठ्ठीच्या आशेवर काही जण पाचच्या पुढे वर्षानुवर्षं २०१लाच अर्ज करत राहतात. एखाद्याला लागतोही, आणि त्याची गोष्ट मग आपल्या प्रत्येक जेवणावळीत निघते. न लागलेल्यांची गोष्ट कोण सांगणार? आणि २०२८पासून ड्रॉची पद्धतच बदलायचं राज्याच्या वन्यजीव कमिशननं ठरवलं आहे: सगळे परवाने निव्वळ रांगेनं न देता मोठा हिस्सा सोडतीतून. पॉइंटना त्यातही वजन राहील, पण आज अकराची जी ‘हमी’ आहे ती तशीच राहणार नाही. ज्यांचे पॉइंट आज एखाद्या चांगल्या कोडच्या सुरक्षित ओळीत बसतात, त्यांनी कशाची वाट बघायची?

वीसच्या पुढचे जे दोघं-तिघं आपल्यात आहेत त्यांना मी काही सांगत नाही. इतकी वर्षं थांबलात, जा आणि या. तीन-चार पॉइंटवाल्यांनीही घाई करायला नको, पण दुसरी पसंती रिकामी सोडू नका.

मधल्यांनी मात्र या आठवड्यात एवढं करावं. गेल्या पाच वर्षांचे अहवाल उतरवून घ्या. आपल्या पॉइंटांच्या सुरक्षित ओळीत बसणारे कोड कागदावर काढा. त्यातले जे नऊ हजार फुटांच्या वर आहेत आणि जिथे राष्ट्रीय वनाची जमीन सलग आहे, त्यांच्यावर खूण करा. मग घरी विचारा की सप्टेंबरातले नऊ-दहा दिवस मिळतील का, कारण गणेशोत्सव आणि माज दोन्ही एकाच महिन्यात येतात आणि हा तंटा कुठल्याही पॉइंटनं सुटत नाही. तारखा पक्क्या झाल्या की पहिल्या पसंतीच्या रकान्यात तो कोड टाका. ज्यांना अहवाल वाचायला सोबत हवी असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे या. खिमा-पाव मी करतो, एल्कचाच.

आपला,
फ्रंट रेंजवरचा एक मराठी शिकारी